वाटाड्याचे काम

जयपूरच्या दक्षिणेस असलेले सांगानेर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक म्हणजे पांढऱ्याशुभ्र कापडावर लाकडी ठशांनी उमटविलेली नाजूक फुले आणि दुसरी म्हणजे हाताने तयार केलेला कागद. येथील ठसेकामाला २०१० साली भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. एके काळी स्वतंत्र असलेले हे गाव आता जयपूर महानगरात मिसळून गेले आहे. शहराचा विमानतळ याच भागात आहे आणि सीतापुऱ्याची औद्योगिक वसाहतही जवळच आहे. छापखाने, धुलाईची कुंडे, शिलाईचे कारखाने आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या दाट वस्त्या हे आजच्या सांगानेरचे रूप आहे.

या गावाची कीर्ती ज्यांच्या हातांनी घडली, ते बहुतेक बाहेरून आलेले लोक होते. कापडावर छपाई करणाऱ्या छीपा कारागिरांपैकी अनेकांचे पूर्वज गुजरातेतून आले, असे सांगितले जाते. कागद बनविणाऱ्या कागझी घराण्यांनाही दूरच्या मुलुखातून आणून येथे वसविण्यात आले. सवाई जयसिंग यांनी १७२७ साली जयपूर नगरीची स्थापना केली, तेव्हा देशोदेशींच्या व्यापाऱ्यांना, कारागिरांना आणि विद्वानांना त्यांनी आश्रय दिला. त्यांच्या दरबारातील ज्योतिषी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. युक्लिडच्या भूमितीचा 'रेखागणित' या नावाने संस्कृत अनुवाद त्यांनी केला तो याच दरबारात. तात्पर्य, कालचा नवागत हाच आजचा रहिवासी असतो. ज्या गावाला याचा विसर पडतो, ते गाव स्वतःचाच इतिहास विसरते.

आजही सांगानेरला नवी माणसे येतच आहेत. बिहार, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमधून, त्याचप्रमाणे राजस्थानच्याच खेड्यांतून कामगार येतात. कोणी एकटे येतात, कोणी बायकामुलांसह येतात. गावचा एखादा ओळखीचा माणूस आधी येऊन स्थिरावलेला असतो. त्याच्या भरवशावर दुसरा येतो. हे केवळ सांगानेरचे वैशिष्ट्य नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४५ कोटींहून अधिक लोक आपले पूर्वीचे वास्तव्याचे ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होते. त्यांत विवाहामुळे गाव सोडलेल्या स्त्रियांची संख्या सर्वांत मोठी होती. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाचे काम करीत देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचले आहेत. अपरिचित शहरात पहिले काही महिने कसे जातात, हे त्यांच्या घरांत विचारले तर पुष्कळ ऐकायला मिळेल. सासरी आलेल्या मुलीला तर ते वेगळे सांगावेच लागत नाही.

नवागताला काम मिळणे तुलनेने सोपे असते. शहराला त्याचे हात हवे असतात, म्हणून तो आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर उभा राहू शकतो. त्याचे परकेपण खऱ्या अर्थाने उघडे पडते ते आजारपणात. निरोगी असताना शहर त्याला कामगार म्हणून ओळखते. आजारी पडला की त्याला ओळखणारे कोणी राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, छपाईच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाला तीन आठवड्यांपासून खोकला आहे आणि सायंकाळी अंगात कसकस असते. वस्तीपासून थोड्याच अंतरावर सरकारी दवाखाना आहे, परंतु तो कोठे आहे हे त्याला ठाऊक नाही. दवाखाना सकाळी उघडतो, आणि सकाळी रजा घेतली तर दिवसाची मजुरी बुडते. तेथे गेल्यावर आधी 'पर्ची' काढावी लागते. मुंबईत ज्याला 'केसपेपर' म्हणतात, त्याचेच हे दुसरे नाव. रांग कोणती, खोली कोणती, थुंकीची तपासणी कोठे, अहवाल केव्हा मिळणार, हे सर्व फलकांवर लिहिलेले असते. पण त्याला वाचता येत नाही. बंगाली बोलणाऱ्या माणसाला तर डॉक्टरांचा प्रश्नही अर्धवटच समजतो. दोन दिवस बुडाल्यावर तो तिसऱ्या दिवशी जात नाही. नाक्यावरच्या दुकानातून चार गोळ्या घेतो आणि पुन्हा कामावर उभा राहतो. हा खोकला क्षयाचा असेल, तर त्याची किंमत एकटा तो देत नाही. त्याच्याबरोबर एका खोलीत झोपणारे पाच-सहा जणही ती देतात.

या उदाहरणात रुग्णालयाची उणीव नाही, औषधाचीही नाही. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. उणीव आहे ती दोघांना जोडणाऱ्या वाटेची. दवाखाना आणि रुग्ण यांच्यातील अंतर कधीकधी एका मैलापेक्षाही कमी असते, पण ते एकट्याने ओलांडणे रुग्णाला शक्य होत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी स्वेच्छेने उभ्या राहणाऱ्या माणसाचे काम दात्याचे नसून वाटाड्याचे असते. वाटाड्या स्वतःचे काही देत नाही. जे प्रवाशाच्या हक्काचे आहे, तेथपर्यंत तो त्याला पोहोचवितो. नवागतांना मदत करण्याच्या साऱ्या प्रयत्नांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

हक्काचे म्हणजे नेमके काय, हे वाटाड्याला नीट ठाऊक असावे लागते. येथेच नवागताची मोठी अडचण असते. त्याच्या गावाकडच्या सवलती तेथील कागदांवर अवलंबून असतात आणि शहरातल्या सवलती शहराच्या कागदांवर. राजस्थान सरकारच्या आरोग्यविमा योजनेसाठी जनआधार कार्ड लागते. ते या राज्यातील कुटुंबांना मिळते. काल-परवा आलेल्या बिहारी कुटुंबाजवळ ते कोठून असणार? अशा रीतीने माणूस दोन राज्यांच्या मध्ये अडकतो. तरीही काही वाटा मोकळ्या आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड ज्या कुटुंबाला गावी मिळाले असेल, त्याला योजनेत सहभागी असलेल्या इतर राज्यांतील मान्यताप्राप्त रुग्णालयांतही दाखल होऊन उपचार घेता येतात. या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, रोजच्या खोकल्या-तापासाठी नाही. हा फरक आधी कळला नाही, तर कार्ड हातात असूनही माणसाची निराशा होते.

कारखान्यात दहा किंवा अधिक कामगार असतील आणि वेतन ठरलेल्या मर्यादेत असेल, तर कामगाराला राज्य कामगार विम्याचा लाभ मिळू शकतो. या विम्यात कामगाराच्या वर्गणीपेक्षा मालकाचा वाटा कितीतरी मोठा असतो. तरीही आपली नोंद झाली आहे की नाही, हे अनेक कामगार विचारतसुद्धा नाहीत. कारण असे विचारता येते, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. मुलांचे नियमित लसीकरण सरकारी केंद्रांवर मोफत होते. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, औषधे आणि तपासण्या यांसाठी पैसे घेतले जात नाहीत. अपघातासारख्या तातडीच्या प्रसंगी रुग्णाचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे. हे सर्व कायद्यांत आणि परिपत्रकांत लिहिलेले आहे. ते वस्तीतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, एवढाच प्रश्न आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ही गुंतागुंत आणखी वाढते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत देशाच्या अनेक भागांत आहे. सांगानेरच्या वस्तीतील गरोदर स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात गावी निघते. तिची पहिली तपासणी जयपुरात झालेली असते, बाळंतपण बिहारमध्ये होते आणि बाळाच्या पुढच्या लसी पुन्हा जयपुरात द्यायच्या असतात. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड घरातल्या पेटीत राहून गेले, तर तिकडच्या परिचारिकेला काहीच कळत नाही. रक्त कमी होते का, धनुर्वाताची लस दिली का, हे सर्व नव्याने विचारावे लागते आणि त्यात मोलाचा वेळ जातो. प्रवासाला निघण्यापूर्वी शेजारणीने नुसते एवढे विचारले, की "कार्ड घेतलेस का?", तरी एका मोठ्या संकटाची शक्यता कमी होते. या प्रश्नासाठी कोणतीही पदवी लागत नाही.

क्षयाच्या रुग्णाचेही असेच आहे. साध्या क्षयाचा उपचार सहा महिने न चुकता घ्यावा लागतो. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि रुग्ण गावी निघून जातो. औषध मध्येच सुटले की रोग बळावतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होतो. सरकारच्या 'निक्षय' या नोंदणी व्यवस्थेत एका जिल्ह्यातील रुग्णाचा उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो, आणि पोषणासाठी रुग्णाच्या बँक खात्यात रक्कमही जमा केली जाते. परंतु गावी जाण्यापूर्वी केंद्रावर तसे सांगावे लागते. न सांगता गेलेल्या रुग्णाचा शोध घेणे अवघड असते. येथेही वाटाड्याचे काम छोटेच आहे. सणासुदीच्या आधी, कामगार गावी निघण्याच्या दिवसांत, त्याने चार घरी जाऊन आठवण करून द्यायची आहे.

अशा मदतीची परंपरा नवी नाही. विशेषतः महाराष्ट्राला तिची चांगली ओळख आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करण्यासाठी कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे आली, तेव्हा त्यांचा पहिला आसरा म्हणजे 'गावाची खोली' असे. एकाच गावची माणसे वर्गणी काढून चाळीत एक खोली घेत आणि पाळीपाळीने तेथे झोपत. जेवणासाठी खानावळी असत. त्या चालविणाऱ्या स्त्रिया नव्या माणसाला उधारीवरही जेवू घालीत. आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, गावी पत्र लिहिणे, मनिऑर्डर पाठविणे ही कामे खोलीतला वाचता येणारा माणूस करीत असे. त्याला कोणी समाजसेवक म्हटले नाही. पण त्याने केले ते वाटाड्याचेच काम होते.

या सहज मदतीला पुढे संघटित रूप आले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. या संस्थेने गिरणी कामगारांच्या वस्त्यांत रात्रीच्या शाळा, वाचनालये आणि दवाखाने चालविले. मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या परगावच्या रुग्णांची सोय हाही असाच विषय होता. गाडगे महाराजांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या, त्या गोरगरिबांना हक्काचे छप्पर मिळावे म्हणून. त्यांच्या नावाने दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा स्मारक रुग्णालयात येणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अल्प खर्चात राहतात. १९६८ साली स्थापन झालेली नाना पालकर स्मृती समिती परळ भागात बाहेरगावच्या रुग्णांसाठी असेच काम करते. उपचार रुग्णालय करते; पण उपचार संपेपर्यंत टिकून राहण्याचे बळ अशा निवाऱ्यांतून मिळते.

जयपूरजवळही स्वतःचे उदाहरण आहे. रामचंद्र शर्मा या कारागिराने डॉक्टर प्रमोद करण सेठी यांच्यासह १९६८ साली जो कृत्रिम पाय तयार केला, तो पुढे 'जयपूर फूट' या नावाने जगभर गेला. मात्र पाय तयार झाला म्हणून तो गरजूच्या अंगाला लागतोच असे नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाय विनामूल्य दिलेच. त्याशिवाय दूरच्या खेड्यातून येणाऱ्या रुग्णाची व त्याच्या सोबत्याची राहण्या-जेवण्याची सोयही केली. पाय बसेपर्यंत कोठे थांबायचे, हा प्रश्न सुटला नसता, तर खेड्यातला माणूस जयपूरपर्यंत आलाच नसता. एक चांगला शोध लोकांपर्यंत कसा पोहोचतो, याचा हा धडा आहे.

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की हे सर्व सरकारचे काम आहे. स्वयंसेवकांनी ते अंगावर घेतले, तर सरकार आपली जबाबदारी झटकून मोकळे होईल. या आक्षेपात तथ्य आहे. दवाखान्यात दुभाषी नसेल आणि रोज एक स्वयंसेवक फुकट भाषांतर करीत राहिला, तर दुभाषी नेमण्याची गरज कोणालाच जाणवणार नाही. परंतु याला उत्तर देणारा अनुभवही इतिहासात आहे. सोशल सर्व्हिस लीगचे काम करताना नारायण मल्हार जोशी यांनी कामगारांचे जीवन जवळून पाहिले. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीकाळातील साहाय्यासाठी विधेयक मांडले. ते संमत झाले नाही; पण विषय मागे पडला नाही. मुंबई प्रांतिक कायदेमंडळात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी अशा कायद्याचा पुरस्कार केला आणि १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. ज्याने वस्तीत जाऊन सेवा केली, त्यानेच पुढे कायद्याची मागणी केली. अमेरिकेतील शिकागो शहरातही हेच घडले. जेन ॲडम्स यांनी १८८९ साली हल हाऊस हे केंद्र परदेशांतून आलेल्या कामगारांच्या वस्तीत सुरू केले. वस्तीतली मुले आजारी का पडतात, याचा शोध घेताना त्यांचे लक्ष रस्त्यावरच्या न उचललेल्या कचऱ्याकडे गेले. मग त्यांनी नगरपालिकेला त्याचा जाब विचारला.

यावरून वाटाड्याचे दुसरे कर्तव्य स्पष्ट होते. त्याने वाट दाखवावी आणि वाटेत कोठे खड्डे आहेत, याची नोंदही ठेवावी. किती रुग्ण कागदाअभावी परत गेले, किती जणांची मजुरी बुडाली, कोणत्या वस्तीत लसीकरणासाठी परिचारिका पोहोचली नाही, हे साध्या वहीत लिहिले तरी पुरे. अशी वही घेऊन चार माणसे नगरसेवकाकडे किंवा आरोग्य अधिकाऱ्याकडे गेली, तर तिला निवेदनापेक्षा अधिक वजन येते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. कायदे बदलत राहतात. परंतु ते वस्तीत उतरले की नाही, हे सांगणारा साक्षीदार प्रत्येक वेळी लागतोच.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. बाहेरून आलेल्या लोकांमुळे दवाखान्यांतील रांगा वाढतात. आधी स्थानिकांना मिळू द्या, असे काही जण म्हणतात. रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या स्थानिक गरिबाचा संताप खोटा नसतो. पण त्या रांगेचे कारण खोल्या आणि डॉक्टर कमी असणे हे आहे. पुढे उभा असलेला माणूस हे नाही. शिवाय रोगाला रहिवासाचा दाखला कळत नाही. नवागताच्या मुलाला गोवराची लस मिळाली नाही, तर त्याच गल्लीतील जुन्या रहिवाशाचे मूलही असुरक्षित होते. ज्या माणसाने छापलेले कापड दुकानात विकून गाव श्रीमंत होते, त्याच्या आजारपणात गावाने हात झटकावेत, हे न्यायाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा ही गोष्ट साऱ्यांना दिसली. कामे थांबली, खोल्यांची भाडी थकली आणि लाखो कामगार पायी गावांकडे निघाले. कारखान्यांना त्यांचे काम माहीत होते. त्यांचे नाव, गाव, घरात किती माणसे आहेत, हे फारच थोड्यांना माहीत होते. त्या दिवसांत अनेक शहरांत सामान्य लोकांनी अन्न शिजविले, औषधे पोहोचविली, रस्त्यांवर पाणी दिले. संकटात माणसे धावून येतात, हे खरे. परंतु संकट ओसरले की ती आपापल्या घरी परततात. ओळख जर आधीच असती, वस्तीतील घरांची यादी कोणाजवळ असती, तर पहिल्याच आठवड्यात पुष्कळ हाल टळले असते. धावून जाण्यापेक्षा नेमाने जात राहणे अधिक अवघड आहे, आणि अधिक उपयोगीही.

अर्थात, चांगल्या हेतूनेही नुकसान होऊ शकते. म्हणून या कामाला काही शिस्त हवी. वाटाड्याने डॉक्टर बनू नये. स्वतःच्या अनुभवावरून गोळी सुचविणे, तपासणीची गरज नाही असे सांगणे हे त्याचे काम नव्हे. रुग्णाचा आजार ही त्याची खाजगी बाब असते. ती वस्तीत, कारखान्यात किंवा मालकाजवळ बोलू नये. क्षयाचे नाव बाहेर फुटल्यामुळे काम किंवा खोली गेली, तर मदतीचाच अपाय झाला असे म्हणावे लागेल. कोणाचेही मूळ कागद स्वतःजवळ ठेवू नयेत. अर्ज भरला तर तो वाचून दाखवावा, मगच सही किंवा अंगठा घ्यावा. स्त्री रुग्णासोबत शक्यतो स्त्रीनेच जावे. मदत करतानाची छायाचित्रे काढून मिरविणे टाळावे. अडचणीतील माणसाला नाही म्हणण्याचे धैर्य नसते, याचा तो गैरफायदा आहे. आणि जे वचन पाळता येणार नाही, ते देऊ नये. सकाळी आठ वाजता येतो असे सांगून न येणाऱ्या माणसामुळे नवागताचा पुन्हा एक दिवस बुडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा विश्वास उडतो.

हे काम कोणी करावे, असा प्रश्न राहतो. सुशिक्षित, सुस्थितीतील आणि वेळ असलेल्या माणसांनी ते करावे, असे सहसा मानले जाते. तसे त्यांनी जरूर करावे. पण या कामाला सर्वांत योग्य माणूस म्हणजे पाच वर्षांपूर्वी त्याच वाटेने आलेला जुना नवागत. कोणत्या खिडकीपाशी गोंधळ होतो, कोणता शब्द समजत नाही, कोणता प्रश्न विचारायला लाज वाटते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. मैथिली, भोजपुरी किंवा बंगाली बोलणारा एक शेजारी दवाखान्याच्या बाकावर सोबत बसला, तर रुग्णाची अर्धी भीती कमी होते.

मोठेपणी लिहायला-वाचायला शिकलेल्या माणसांचे महत्त्वही येथे ध्यानात येते. ज्याने तिशी-चाळिशीत अक्षरे गिरविली, त्याला निरक्षराचे अवघडलेपण ठाऊक असते. दवाखान्याच्या फलकावरची वेळ वाचणे, औषधाच्या पाकिटावरील 'दिवसातून दोन वेळा' ही सूचना समजावणे, मुदत संपल्याची तारीख पाहणे, लसीच्या कार्डावरील पुढची तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवणे, अर्जातील रकाने भरणे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून पत्ता नीट सांगणे, ही कामे प्राथमिक साक्षरतेवर होऊ शकतात. शिक्षणाचा उपयोग नोकरीसाठी होतोच. परंतु ते शेजाऱ्याच्या उपयोगी पडले की शिकणाऱ्याची समाजातील जागाही बदलते. काल जो दुसऱ्याकडून पत्र वाचून घेत होता, त्याच्याच दारी आज कोणीतरी चिठ्ठी घेऊन येते.

या कामाच्या यशाचे मोजमाप कसे करावे, हेही ठरवायला हवे. किती माणसांना मदत केली, हा आकडा पुरेसा नाही. एकाच माणसाला वर्षभर हात धरून नेत राहिले, तर आकडा वाढतो. पण माणूस जागेवरच राहतो. पहिल्या वेळी वाटाड्याने सोबत जावे. दुसऱ्या वेळी सर्व समजावून सांगून रुग्णाला पुढे चालू द्यावे आणि आपण मागे राहावे. तिसऱ्या वेळी त्याने एकट्याने जाऊन यावे. आणि पुढच्या हंगामात गावाकडून नवे कुटुंब येईल, तेव्हा त्यांची पर्ची काढून देण्यासाठी रांगेत तोच उभा असावा. सांगानेरच्या गल्ल्यांत असे काही जण तयार झाले, तर तेथे येणाऱ्या नव्या माणसाला आजारपणात घर आठवले तरी एकटे वाटणार नाही.